माळवंडचा रणगाडा

दाजींच्या तोंडून 'मंजूर' हा शब्द निघावा म्हणून मी कैक वर्षं झटलो, आणि मागची काही वर्षं तोच शब्द निघू नये म्हणून जिवाचं रान केलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. मंजूर-नामंजूर व्हायचं होतं ते एका रणगाड्याचं. तो ज्या देशासाठी बनत होता, तो देश पृथ्वीच्या पाठीवर कुठंच नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं फारशी जागा मिळायची नाही.

माझं उदगीरला वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मोगडे, पेरणी यंत्रं असली कामं. दाजी बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत रणगाड्यावर काढली. आधी ड्रायव्हर, मग गनर, शेवटी गाड्याचे कमांडर. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा आमच्या सगळ्या गणगोतात एवढ्या मोठ्या यंत्रावर बसलेला दुसरा माणूस नव्हता. आणि मी पडलो लोखंडातला माणूस. माझी जीभ कशी गप्प बसणार?

त्या वर्षी भाऊबीजेला गेलो. आक्कानं ओवाळलं, जेवायला वाढलं, आणि मी दाजींना खोदायला सुरुवात केली. पत्रा किती जाड असतो? इंजिन कसलं असतं? तोफ फिरते ती हातानं का बटनावर? दाजी गालातल्या गालात हसत सुपारी कातरत बसले. मी हट्टालाच पेटलो. शेवटी म्हणाले, "सरकारी गोष्ट हाय. पेन्शन मिळाली म्हणून शपथ सुटत न्हाई."

"अहो दाजी, मी काय शत्रूचा हेर हाय का? सख्खा मेव्हणा हाय तुमचा."

"मेव्हण्याला तर आजिबात सांगू न्हाई. उद्या साऱ्या उदगीरला म्हाईत होईल."

आक्का चुलीपुढून ओरडली, "वर्षातून एक डाव येतंय लेकरू, सांगा की कायतरी! लई शहाणे लागून गेलात!" मी तेव्हा दोन पोरांचा बाप होतो, पण आक्कापुढं लेकरूच.

दाजींनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "आपल्या गाड्याचं एक अक्षर सांगणार न्हाई. पर समज, एक दुसराच देश हाय. लढाई नुकती सरली हाय. जिंकली बी न्हाई, हरली बी न्हाई. फौजेजवळ जे गाडे हायत ते दुसऱ्यांनी टाकून दिलेलं भंगार. आता त्या देशाला सोताचा गाडा पायजे. तू कारखाना, मी फौज. तू बनव, मी तपासतो."

"देशाचं नाव काय?"

दाजींना नाव सुचेना. आक्काच आतून म्हणाली, "माळवंड ठेवा. तिकडं बी काय पिकत न्हाई." माळवंड म्हणजे आमच्या वडिलांच्या शेतातला खडकाळ तुकडा, कुसळाशिवाय तिथं काही उगवलेलं मी बघितलं नाही. झालं, देशाला नाव मिळालं.

उदगीरला परत आलो आणि खुळ्यासारखा कामाला लागलो. गिऱ्हाईकं ट्रॉलीसाठी बोंबलत होती आणि मी ड्रॉइंगशीटवर रणगाडा काढत होतो. बायको म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हणालो, ते दिवाळीला कळेल. पुढच्या भाऊबीजेला मोठ्या ऐटीत सुरळी घेऊन गेलो. दाजींनी चष्मा लावला, शीट जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. बघितलं. आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. मी इंजिनाचा सायलेन्सर ट्रॅक्टरसारखा वर उभा काढला होता.

"शत्रूला सांगत फिरतूस का, की आमी हितं हावोत म्हणून?"

मागच्या बाजूला हूक होता. तो कशाला, म्हणाले. मी म्हणालो, ट्रॉली जोडायला. सवयच ती, हात आपोआप काढतो. दाजींनी डोळे पुसले, शीट गुंडाळली आणि एकच शब्द म्हणाले, "नामंजूर."

तो शब्द मला इतका झोंबला म्हणून सांगू! हैदराबादच्या निजामाच्या एखाद्या तालुकदारानं अर्ज फेकून द्यावा तसा त्यांनी तो फेकला होता. येताना एस.टी.त देगलूरपर्यंत मी रागानं फणफणत होतो आणि देगलूरच्या पुढं सायलेन्सर आडवा कसा घ्यायचा याचा विचार करत होतो.

असं ते सुरू झालं आणि मग थांबलंच नाही. दाजींनी हळूहळू माळवंडला हाडामांसाचा देश केला. तिथली जमीन आपल्यासारखीच काळी, चिकट. पूल जुने, दगडी. रेल्वे मीटर गेजची. मी म्हणालो, "दाजी, नांदेडची मीटर गेज जाऊन जमाना झाला." तर म्हणाले, "नांदेडची गेली असंल, माळवंडची हाय. गरीब देश हाय तो, एवढ्यात रूळ कुठून बदलील?" म्हणजे गाडा त्या छोट्या रेल्वेच्या वाघिणीवर मावला पाहिजे. पूल मोडू नये म्हणून हलका पाहिजे. हलका करायला पत्रा पातळ केला तर दाजी विचारणार, आतल्या माणसाचं काय? पत्रा जाड केला तर पूल मोडला. चाकांवरचे पट्टे रुंद केले तर वाघिणीच्या बाहेर. सगळीकडून गळा आवळलेला. आणि इंजिन? इंजिनाचा कारखानाच नाही देशात. मी एका वर्षी ट्रकची दोन इंजिनं शेजारी शेजारी बसवली. दाजी म्हणाले, "दोन इंजिनं म्हंजे दोन सासुरवाड्या. एकीला सांभाळावं तर दुसरी रुसती. नामंजूर."

एकदा अवकाळी पाऊस होऊन गेला होता. दाजींनी मला त्यांच्या रानात नेलं आणि म्हणाले, चाल. मी चपलेनं चाललो. दहा पावलं जाईस्तोवर चपलेखाली वीतभर चिखल, पाय उचलेना. "आता समज तू गाडा हायस," बांधावर उभे राहून दाजी म्हणाले. "ही माती पट्ट्यात बसली, चाकात बसली. आता काय करशील?" मी चप्पल हातात घेऊन उभा. पण त्या दिवशी मला युक्ती सुचली. आमच्या पेरणी यंत्राच्या तव्याला चिकटलेली माती खरवडायला एक लोखंडी पट्टी असते, फिरता तवा आपोआप साफ होतो. तीच पट्टी मी रणगाड्याच्या चाकांना दिली. दाजी शीटवर त्या जागी बोट ठेवून बराच वेळ बसले. म्हणाले, "ही अक्कल आमच्याकडं बी कुणाला आली नव्हती." लगेच तोंडावर हात ठेवला. सरकारी गोष्ट बाहेर पडली होती ना! नामंजूर मात्र त्या वर्षीही झालंच, तोफ फिरवताना मागच्या पत्र्याला अडत होती म्हणून.

पुढं मी पत्र्याचं मॉडेल बनवून नेलं, मांडीवर मावेल एवढं. वरचा घुमट फिरायचा, तोफ वर-खाली व्हायची, झाकणं उघडायची. खंडेनवमीला दाजींच्या देवघरापुढं कोयता, खुरपं, विळा, कुऱ्हाड यांच्या रांगेत ते मॉडेल मांडलं जायचं. आक्का त्याला हळदीकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची आणि तोंडानं चालू, "एवढ्या वर्षांत दोघांनी मिळून एक कुळव जरी नीट केला असता तर रान निघालं असतं." एका भाऊबीजेला आम्ही दोघं मॉडेलवर वाकलो होतो, आत कमांडर कुठं, गनर कुठं, ड्रायव्हर कुठं यावर हुज्जत चालली होती. आक्का पाणी घेऊन आली आणि उभीच राहिली.

"ह्याच्यात बाईमाणूस बसंल का?" तिनं विचारलं.

"बाईचं काय काम त्यात?" दाजी म्हणाले.

"न्हाई, इचारलं आपलं," म्हणून ती आत गेली. आम्ही परत हुज्जतीला लागलो.

सुखाचे दिवस होते ते, आता कळतं. तेव्हा मला वाटायचं मी छळ सोसतोय. आमच्यासारखी माणसं एकमेकांशी बोलणार तरी काय? पाऊस, भाव, पोरांची लग्नं, संपलं. आमच्याजवळ अख्खा देश होता.

मग आक्का गेली. पोटात दुखतंय म्हणून नांदेडला दाखवलं, डॉक्टरांनी गाठ सांगितली, आणि बघता बघता संपलं सगळं. आजारात मी भेटायला जायचो तर ती मलाच विचारायची, जेवलास का. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

घरातलं माणूस गेलं की पहिला सण गोड होत नाही. बायको म्हणाली, "आता भाऊबीजेला कुणाकडं जाता? ओवाळणारी राहिली का?" मी पायात चप्पल सरकवली. गेलो तर दाजी ओसरीवर बाजेवर पडलेले. दाढी वाढलेली, अंगावर कधीचा सदरा देव जाणे. रान बटईनं दिलेलं. आक्काचा मुलगा, माझा भाचा, नांदेडला नोकरीला, तो चल म्हणून मागं लागला होता आणि हे हलायला तयार नव्हते. शेजारीण म्हणाली, डबा देते पण दोन-दोन दिवस तसाच परत येतो. मी शेजारी बसलो. दाजींनी माझ्याकडं बघितलं आणि परत कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. मी बसलो आपला तासभर. मला रडू येईना, बोलता येईना, उठताही येईना. मग मला संताप आला. कुणावर ते विचारू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान टराटरा फाडलं आणि खिशातल्या पेन्सिलीनं त्यावर रणगाडा ओढला. रागात हात कुठंही गेला. तोफ एवढी लांब झाली की गाडा पुढं कलंडावा.

"दाजी, बघा," मी म्हणालो. "नवा नमुना."

ते वळले. कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग उठून बसले.

"हे कुणी काढलं? तू? एवढ्या वर्षांचं पाण्यात घातलंस का? ही तोफ हाय का नदीवरचा पूल? पहिल्या खड्ड्यात नाक मातीत जाईल की!"

"मग कमी करू?"

"कमी करू म्हंजे? इचारतूस काय! नामंजूर! नामंजूर!"

असं म्हणून त्यांनी पाणी मागितलं. त्यानंतर माझ्याबरोबर अर्धी भाकरी खाल्ली. मी एस.टी.त बसलो आणि मनाशी ठरवलं, हा गाडा आता मरेस्तोवर मंजूर होऊ द्यायचा नाही.

तेव्हापासून महिन्या-दीड महिन्यानं बिलोलीची वाट धरायची, सोबत नवी शीट, आणि शीटमध्ये एक चूक. तुम्हाला वाटेल सोपं आहे. अरे, चूक करणं सोपं असतं, मुद्दाम करणं महाकठीण! लोखंडात तीसएक वर्षं घातलेला हात वाकडी रेघ ओढायला तयारच होत नाही. आणि चूक कसली करायची? ढळढळीत केली तर दाजींना वाटणार मेव्हणा आपली थट्टा करतोय. फार बारीक केली आणि ती त्यांना सापडली नाही तर संपलंच. एकदा मी डिझेलची टाकी इंजिनाच्या तापत्या नळीला खेटून ठेवली. दाजी बघतायत, बघतायत, काही बोलेनात. मला वाटलं, गेलं, आता मंजूर म्हणतात. शेवटी त्यांचं बोट टाकीवर आलं. "जाळून मारतूस का पोरांना?" म्हणाले, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी उठून त्यांच्या पाया पडलो. त्यांना काही कळलं नाही, असं मला तेव्हा वाटलं.

मंजूर या शब्दाला मी एवढा भ्यायचो, कारण एकदा ते बोलून गेले होते. संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो, सुपारी खात. सहज म्हणाले, "हा गाडा एकदा मंजूर झाला, की मी मोकळा बघ. मागं काय ऱ्हायलं न्हाई माझं." सहज म्हणाले, पण फौजी माणूस सहज काही बोलत नाही. आक्काच्या घरातलं, तिच्या हातचं पाणी प्यालेलं माणूस म्हणून मला हे एवढं एकच उरलं होतं. भाचा चांगला आहे, पण तो आता शहराचा झाला.

गेल्या उन्हाळ्यात दाजी न्हाणीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण भाच्यानं ऐकलं नाही. गावच्या घराला कुलूप घातलं आणि त्यांना नांदेडला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. तिसरा मजला. खाली उतरायचं म्हणजे लिफ्ट, आणि लिफ्टचं दार बंद झालं की दाजींना गुदमरायचं. रणगाड्यात हयात घालवलेला माणूस लिफ्टला भ्यायचा! सूनबाई गुणाची, वेळेवर खायला-प्यायला द्यायची, औषधं द्यायची. दाजी गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खालच्या मोटारींकडं बघायचे. मी गेलो की शीट पसरायला जमीनसुद्धा धड मिळायची नाही, टी.व्ही.च्या स्टँडपासून सोफ्यापर्यंतची फरशी तेवढी. तरी पसरायचो. नामंजूर व्हायचं. पण आवाज दर खेपेला बारीक होत चालला होता.

ह्या दिवाळीला मी घाबरलो होतो, खरं सांगतो. म्हणून एक नाही, चार-पाच चुका केल्या. घुमट खालच्या धडापेक्षा रुंद. पट्टे वाघिणीच्या बाहेर वीतभर. इंजिनाला हवा घ्यायला वाटच नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे चढायला पायरीच ठेवली नाही. आंधळ्यालाही दिसावं असं काम.

भाऊबीजेच्या दिवशी सूनबाई म्हणाली, "मामा, मी ओवाळू का?" मी म्हणालो, नको बाई, तुझ्या भावांना ओवाळ. दाजींना खुर्चीवरून उठवून सोफ्यावर आणलं. फार हलके झाले होते, काखेत हात घातला तर नुसती हाडं लागली. शीट फरशीवर पसरली. त्यांनी चष्मा लावला. वाकून बघितलं. किती थोडा वेळ बघितलं! मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"मंजूर," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "काय?"

"मंजूर. चांगला झालाय गाडा. दे माळवंडला बनवायला."

माझं डोकंच फिरलं. आजारी माणूस, भाच्याचं घर, सणाचा दिवस, काही भान राहिलं नाही. मी ओरडलो, "दाजी, डोळे फुटले का तुमचे? हा घुमट बघा, खाली बसतो का? हे पट्टे बघा! कुठल्या वाघिणीवर चढवता? इंजिनाला हवा कुठनं देता? माणसं आत शिरतात कशी, उडी मारून? मंजूर म्हणे मंजूर! ही काय फौज झाली?" भाचा बाहेर धावत आला. सूनबाई दारात. मी फरशीवर गुडघे टेकून शीटवर हात आपटत होतो आणि माझ्या चुका मीच मोजून दाखवत होतो. शेवटी आवाज फुटला आणि मी हमसून हमसून रडलो. आक्का गेली तेव्हा असा रडलो नव्हतो.

दाजींनी भाच्याला हातानंच आत जायला सांगितलं. माझं रडणं होऊ दिलं. मग म्हणाले, "म्हाईत हाय मला. तू मुद्दाम चुका करून राहिलास. कॅलेंडरच्या त्या कागदानंतर सगळ्या मुद्दामच्या."

"तुम्हाला कळलं होतं?"

"हाव. तुझ्या हातची चूक आन् मुद्दामची चूक, फरक कळत न्हाई का मला? मी बी म्हणलं, येतंय पोरगं एवढ्या लांबनं, नामंजूर म्हणावं. पुन्हा येईल." त्यांना दम लागला. "आता मला गाड्यात जीव घालवायचा न्हाई. दुसरं काम हाय तुझ्याकडं."

"कसलं काम?"

"आज न्हाई. आज तू रागात हायस. पुढच्या खेपेला ये. कागद आणू नको."

कागद आणू नको! एस.टी.त मी शीटची सुरळी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला नुसती भीती वाटत होती. जमिनीची वाटणी काढतात का? का आपल्या मागं काय करायचं ते सांगतात? पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये माझं लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीचा मागचा फाळका उलटा बसवला, त्यानं चार लोकांत माझी अब्रू काढली. शेवटी राहवेना, गेलो.

दुपार होती. भाचा कामावर, सूनबाई स्वयंपाकघरात. दाजी गॅलरीतच होते, अंगावर शाल. मी स्टूल ओढून शेजारी बसलो. हात रिकामे असले की कुठं ठेवावेत ते मला कळत नाही, मी ते गुडघ्यांत दाबून धरले. खालून एक टमटम गेली. एवढ्या वर्षांत आम्ही असे समोर काही नसताना कधी बसलो नव्हतो.

"सांगा, काय काम आहे?" मी म्हणालो.

दाजी खालीच बघत होते. "तिच्याबद्दल सांग."

"कुणाबद्दल?"

"तुझ्या बहिणीबद्दल. मी फौजेत होतो. वर्षाला दोन महिने सुट्टी, त्यात बी पेरणी न्हाईतर कुणाचं लगीन. घरी आलो तवा अर्धं आयुष्य झालं होतं. मी गाडा वळखतो, तिला न्हाई वळखत. रातभर डोळे मिटून आठवायला बघतो, तर ताट वाढणारा हात दिसतो नुसता. तोंड दिसंना. तू भाऊ हायस. तुला म्हाईत असंल. लग्नाआधीची कशी होती ती? सांग."

मी सांगायला तोंड उघडलं. मला वाटलं होतं कितीतरी आहे. आठवायला गेलो तर एकच गोष्ट सापडली.

"तुमच्याकडची माणसं बघायला आली त्या दिवशी ती घरामागच्या चिंचेवर चढून बसली होती," मी म्हणालो. "उतरेचना. आई खालून शिव्या देतेय. बाहेर बैठकीत तुम्ही लोक चहा पीत बसलेले. मग आईनं मला वर पाठवलं. मी चढलो. तिनं मला फांदीवर शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, तू बघितलास का माणूस? कसा हाय? मी म्हणालो, मिशी हाय. ती म्हणाली, आन् डोळे? मी म्हणालो, खाली बघतोय सारखा, भ्यालाय. तेव्हा ती हसली. म्हणाली, भ्यालाय तर बरा असंल. आणि उतरली."

दाजी माझ्याकडं वळले. त्यांचा असा चेहरा मी कैक महिन्यांत बघितला नव्हता. हसत होते का रडत होते, मला सांगता येणार नाही.

"खरंच भ्यालो होतो," ते म्हणाले. "तिनं कधी बोलून न्हाई दाखवलं. आणिक?"

मी आठवत बसलो. ती सासरी गेली तेव्हा मी चड्डीतला पोर. त्याच्या पुढची माझी आक्का म्हणजे वर्षातली एक भाऊबीज. आणि त्या सगळ्या भाऊबिजांना ती आत चुलीपुढं होती आणि मी बाहेर दाजींसमोर शीटवर वाकलेला. मला माळवंडच्या पुलांची रुंदी तोंडपाठ होती.

"आणिक सांग की," दाजींनी माझ्या मनगटाला हात लावला. "बारीकसारीक बी चालंल. तिला खायला काय आवडायचं?"

"करंज्या," मी पटकन म्हणालो. "दर दिवाळीला डबा भरून करायची. मी आलो की आधी तोच काढायची."

दाजींनी मान हलवली. "त्या तुला आवडायच्या, म्हणून करायची. तिच्या ताटात मी करंजी कधी बघितली न्हाई. तिला काय आवडायचं?"

सूनबाई चहा घेऊन आली, दोन कप स्टुलावर ठेवून गेली. दाजी माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते.